गोऱ्या दोघींची जाहिरात आणि पोशेऱ्याचा प्रश्न

२०२१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात डाबर कंपनीने आपल्या 'फेम' या ब्लीच क्रीमची एक जाहिरात काढली आणि चार दिवसांत ती गुंडाळूनही टाकली. जाहिरात अशी होती. दोन तरुणी आहेत. एक दुसरीच्या चेहऱ्याला ब्लीच लावते आहे. करवा चौथचा उपवास कशासाठी करायचा यावर दोघींच्या गप्पा चालल्या आहेत. घरातली वडीलधारी बाई येते आणि दोघींना एकेक साडी देते. रात्र होते. दोघी नटूनथटून चाळणी हातात घेतात, चंद्र पाहतात आणि मग चाळणीतून एकमेकींचे तोंड पाहतात. तेव्हा कुठे पाहणाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, की या दोघी जावा नाहीत, मैत्रिणी नाहीत, तर एकमेकींच्या जोडीदार आहेत.

मध्य प्रदेशचे तत्कालीन गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांना हे सहन झाले नाही. आज दोन बायका करवा चौथ करताना दाखवतात, उद्या दोन पुरुष सात फेरे घेताना दाखवतील, असे म्हणून त्यांनी जाहिरात मागे घेतली नाही तर कायदेशीर कारवाई करू असा दम भरला. २५ ऑक्टोबर रोजी कंपनीने लोकांच्या भावना दुखावल्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि जाहिरात काढून टाकली. त्याच महिन्याच्या अखेरीस वाराणसीच्या एका कार्यक्रमात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, लोकांच्या असहिष्णुतेमुळे एका कंपनीला जाहिरात मागे घ्यावी लागली, अशी खंत बोलून दाखवली. हा इतिहास बहुतेकांना माहीत आहे.

तेव्हा दोन तट पडले होते. एका तटाचे म्हणणे, धर्म बुडाला. दुसरा तट इंग्रजी वृत्तपत्रे वाचणाऱ्या उदारमतवाद्यांचा. त्यांचे म्हणणे, केवढी पुरोगामी जाहिरात! आम्ही या दोन्ही तटांत बसत नाही. बाईने बाईवर प्रेम करावे याला आमचा तिळमात्र विरोध नाही. तो तिचा संवैधानिक हक्क आहे आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. आमचे भांडण आहे ते त्या ब्लीचच्या डबीशी.

वाचकहो, जरा विचार करा. समलिंगी स्त्रीला टीव्हीच्या आणि मोबाईलच्या पडद्यावर मान द्यायचा, तर आधी तिचा चेहरा गोरा करून घ्यायचा! बाईच्या प्रेमाला मान्यता, पण कातडीच्या रंगाला नाही. 'फेअर अँड लव्हली' नावाचे क्रीम १९७५ पासून या देशातल्या सावळ्या मुलींना आरशासमोर रडवत आले. जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा २०२० मध्ये त्याचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. 'फेअर' गेले, 'ग्लो' आले. 'फेम'च्या जाहिरातीतही हाच 'ग्लो' होता आणि त्याला जोड 'प्राईड'ची, म्हणजे समलिंगी चळवळीच्या अभिमानाची. ज्यांनी आपल्या असण्याचा अभिमान मिळवण्यासाठी रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या, घरातून हाकलले जाणे सोसले, त्यांचा शब्द उचलून डबीवर चिकटवला.

आणि सण कोणता निवडला? करवा चौथ. नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी बायकोने दिवसभर पाण्याचा थेंब न घेता राहायचे, ते व्रत. महाराष्ट्रातल्या बहुजन घरात तीस-चाळीस वर्षांपूर्वी हे कोणी ऐकलेही नव्हते, ते हिंदी सिनेमाने आणि मालिकांनी आणून बसवले. ज्या व्रताने बाईला गुलामी शिकवली ते व्रत तसेच ठेवून एका बाईच्या जागी दोन बायका उपाशी बसवणे, याला क्रांती म्हणायचे असेल तर म्हणणाऱ्याने खुशाल म्हणावे. मंत्रिमहोदयांना राग आला तो व्रतात पुरुष नव्हता म्हणून. आम्हाला खटकते ते व्रतच.

अशा जाहिराती फार नाहीत, पण ज्या आहेत त्यांचा साचा एकच आहे. २०१३ मध्ये फास्टट्रॅकने कपाटातून बाहेर पडणाऱ्या दोन तरुणी दाखवल्या. २०१५ मध्ये मिंत्राच्या 'अनुक' या कपड्यांच्या ब्रँडने साडेतीन मिनिटांची एक चित्रफीत काढली. एका सुंदर फ्लॅटमध्ये दोघी राहतात, एकीचे आईवडील भेटायला येणार आहेत, काय घालावे यावर बोलणे चालले आहे. भारतातली पहिली लेस्बियन जाहिरात म्हणून तिचा गाजावाजा झाला. चांगली केली होती, यात शंका नाही. त्यात कोणी विकृत नव्हते, कोणी चोरटे नव्हते, आणि १९९८ मध्ये 'फायर' सिनेमावरून मुंबईतल्या थिएटरांत तोडफोड पाहिलेल्या पिढीला त्याचे अप्रूप वाटणे साहजिक होते. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा. दोघी उजळ, शिकलेल्या, नोकरीवाल्या, नीटनेटक्या घरातल्या. त्यांच्या जातीचा उल्लेख नाही. जात नसते तिथे कोणती जात गृहीत असते, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही.

जातीचा उल्लेख असलेली जाहिरातही त्याच वर्षी मुंबईत छापून आली. मे २०१५ मध्ये 'मिड-डे' या दैनिकात पद्मा अय्यर या आईने आपल्या मुलासाठी, हरीश अय्यर यांच्यासाठी, वर पाहिजे अशी जाहिरात दिली. मुलासाठी वर! काही वृत्तपत्रांनी ती छापायला नकार दिला होता. एका आईने आपल्या समलिंगी मुलासाठी भर बाजारात उभे राहावे, ही गोष्ट खरोखर धाडसाची होती आणि त्या माउलीला आमचा मानाचा मुजराच आहे. परंतु जाहिरातीत काय लिहिले होते? वर शाकाहारी असावा. जातीची अट नाही, मात्र अय्यर असल्यास प्राधान्य. म्हणजे सगळी बंधने तोडून झाल्यावर शेवटी कंसात जात उरलीच. गंमत म्हणून लिहिले असेल, सवयीने लिहिले असेल. सवय कशाची होती हेच तर आम्ही दाखवत आहोत. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात जातीबाहेर लग्नाला बंदी हेच जातीचे मर्म असल्याचे मांडले होते. ती बंदी पुरुष-पुरुषांच्या नात्यातही कशी शिरते, याचा हा छापील पुरावा.

आता दुसऱ्यांकडे बोट दाखवले की तीन बोटे आपल्याकडे वळतात. आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या पुस्तिका एकदा चाळून पाहाव्यात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून 'गोरी, सडपातळ, नोकरी करणारी' अशी मागणी येते की नाही? पोटजात विचारली जाते की नाही? अशा घरात एखाद्या मुलीने सांगितले की मला मुलगा नको, माझी मैत्रीण हीच माझी जोडीदार आहे, तर तिला त्रिसरण-पंचशील म्हणून आशीर्वाद देणारी किती घरे निघतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हा प्रश्न शहरातला, पोट भरलेल्यांचा आहे, असे आपले कार्यकर्ते सर्रास म्हणतात. जाहिराती पाहून त्यांचे असे मत झाले असेल तर त्यांचा फार दोष नाही, कारण जाहिरातीत दुसरी बाई दिसतच नाही. आम्ही पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याला संविधानाविषयी बोलायला गेलो होतो. मोखाडा म्हणजे काय, हे सरकारी आकडे पाहणाऱ्याला सांगायला नको. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई, पावसाळ्यात धो-धो पाणी आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट. दिवाळी झाली की गावेच्या गावे भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर निघून जातात. बैठक संपल्यावर मोबाईलवरच्या अशाच एका जाहिरातीचा विषय निघाला. पोरींनी ती पाहिली होती, हसल्या होत्या. त्यातल्या एकीने, ती विशीतली असेल, आम्हाला विचारले, "वकीलदादा, त्या दोघींच्या घराचं भाडं कोण भरतं?"

बैठकीतले लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. नवतेज खटल्याच्या शेकडो पानांत आणि जाहिरात कंपन्यांच्या बैठकांत हा प्रश्न कोणी इतका सरळ विचारला असेल असे वाटत नाही.

भाडे कोण भरणार? वीटभट्टीचा मालक पावसाळ्यात उचल देतो ती कुटुंब धरून देतो. नवरा-बायको मिळून माती कालवायची, विटा थापायच्या, पोरांनी विटा उलटायच्या. आठवड्याला मिळते ती खावटी, आणि हिशेब हंगाम संपल्यावर. त्या वहीत दोन बायकांची जोडी कशी मांडायची? एकट्या बाईला तिथे ना झोपडी सुरक्षित, ना रात्र. जिथे पोट भरण्याचे एकक नवरा-बायको आहे, तिथे लग्न नको म्हणणारी मुलगी केवळ आईबापाची इज्जत घालवत नाही, तर घरातली एक जोडी बुडवते. तिच्यावर जबरदस्ती होते ती एवढ्यासाठीही. हे जाहिरातीत कसे येणार? तिथे फ्लॅट आधीच मिळालेला असतो.

गंमत अशी की 'भारतीय संस्कृती' म्हणून जी काही मंत्री लोक सांगतात, ती या डोंगरात कधी पुरती पोहोचलेलीच नव्हती. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. भटजी नाही. पैसा नाही म्हणून लग्नाविना जोडप्याने वर्षानुवर्षे एकत्र राहणे आणि पोरे मोठी झाल्यावर लग्न उरकणे, हे वारली आणि कातकरी समाजात लाजेचे मानले जात नव्हते. म्हणून तिथे बाईचे बाईवरचे प्रेम खपून जाते, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तसा पुरावा आमच्यापाशी नाही आणि आदिवासींना भोळेभाबडे स्वर्गवासी करून दाखवण्याची शहरी खोड आम्हाला नाही. एवढेच म्हणतो, की चाळणीतून चंद्र पाहणे म्हणजे अवघी भारतीय संस्कृती, हे सांगणारा मंत्री आणि ते विकणारी कंपनी दोघेही एकाच पुस्तकातून वाचत होते.

गरीब घरात अशा बायका नसतात, हे तर धादांत खोटे आहे. १९८७ साली मध्य प्रदेश पोलीस दलातल्या लीला आणि उर्मिला या दोन शिपाई बायकांनी एकमेकींशी लग्न केले, तेव्हा त्यांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. ज्या राज्याच्या गृहमंत्र्याने पुढे जाहिरातीवर डोळे वटारले, त्याच राज्याचे पोलीस खाते. त्या बायका मॉडेल नव्हत्या, खाकीतल्या शिपाई होत्या. माया शर्मा यांनी उत्तर भारतातल्या कष्टकरी समलिंगी बायकांना भेटून २००६ मध्ये इंग्रजीत एक अख्खे पुस्तक लिहिले. मुंबईत १९९५ पासून 'स्त्री संगम' हा गट अशा बायकांसाठी काम करू लागला, पुढे तो 'लाबिया' नावाने ओळखला गेला. आणि मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्येच आली होती, रोहिणी हट्टंगडी यांनी ती मित्रा उभी केली होती. जाहिरातवाले आले ते या सगळ्यांच्या नंतर, रस्ता तयार झाल्यावर.

खरे सांगायचे तर गरीब घरची, सावळी, बाईवर प्रेम करणारी मुलगी वृत्तपत्राच्या जाहिरातींच्या पानावर येते. पण कोणत्या रकान्यात? 'हरवली आहे' या रकान्यात. वय वीस, उंची पाच फूट, रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात हिरवा पंजाबी ड्रेस, मराठी व हिंदी बोलते. जाहिरातींच्या जगात 'रंग सावळा' हे शब्द आम्हाला फक्त तिथेच छापलेले दिसतात. अशी प्रत्येक मुलगी समलिंगी नसते, हे उघड आहे. कोणी प्रियकराबरोबर गेलेली असते, कोणी मारहाणीला कंटाळून. पण दोन सज्ञान मुली मिळून घर सोडतात तेव्हा पोलीस ठाण्यात पहिली नोंद होते ती हरवल्याची किंवा पळवून नेल्याची, हे वकिली करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मग शोध, मग ठाण्यात बोलावणे, मग 'समजूत', आणि मग मुलगी बापाच्या ताब्यात. त्या समजुतीत काय काय होते ते कागदावर येत नाही.

सगळीकडे असेच होते असेही नाही. 'फेम'ची जाहिरात निघाली आणि बुडाली त्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, आपल्या नागपुरात दोन डॉक्टर तरुणींनी घरच्यांच्या साक्षीने एकमेकींच्या बोटात अंगठ्या घातल्या. आकाश कोसळले नाही. पण त्या डॉक्टर होत्या. पुन्हा भाड्याचा प्रश्न तिथे सुटलेला होता.

जाहिरात वेगळी होऊच शकत नाही का? होते. २०१७ मध्ये विक्सची जाहिरात आली. त्यात मुंबईच्या गौरी सावंत आणि त्यांची लेक गायत्री यांची खरी कहाणी होती. आई गमावलेल्या मुलीला एका तृतीयपंथी बाईने पोटाशी धरले, ती मुलगी बसमध्ये बसून आपल्या आईविषयी सांगते. ती जाहिरात दिग्दर्शित केली होती नीरज घायवान यांनी, जे आपण दलित असल्याचे जाहीरपणे सांगतात. त्याच घायवान यांनी २०२१ मध्ये 'गीली पुच्ची' हा लघुचित्रपट केला. त्यातली भारती मंडल कारखान्यात यंत्रावर राबते. ती दलित आहे, बाईवर प्रेम करणारी आहे आणि कार्यालयातल्या ज्या जागेवर तिचा हक्क होता तिथे एका ब्राह्मण तरुणीला बसवले जाते. त्याच तरुणीवर तिचा जीव जडतो. प्रेम, जात, नोकरी, सगळे एका गाठीत. ज्याने गाठ सोसली त्यालाच ती दाखवता येते. विक्सलाही बाटली विकायचीच होती, आम्ही काही भाबडे नाही. पण तिथे बाई खरी होती, तिला आधी उजळून घेतले नव्हते. वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झालेल्या तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांनी आपल्या कवितासंग्रहाला नाव दिले 'कुरूप'. ब्लीचवाल्यांनी हे नाव जरूर वाचावे.

आता कायद्याचे. मंत्र्याच्या धमकीला कायद्याचा आधार काय होता? जाहिरात हीसुद्धा अनुच्छेद १९(१)(क) खालची अभिव्यक्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम या मुंबईच्याच खटल्यात सांगितलेले आहे. कंपनीपाशी हक्क होता, पैसा होता, वकिलांची फौज होती. ती न्यायालयाची पायरी चढली नाही. दुसरीकडे केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतला सातवा नियम पाहा. ग्राहकांच्या धार्मिक भावना जाहिरातीने दुखवू नयेत, हे तिथे लिहिले. वंश, जात, वर्ण यांची टवाळी नको, हेही लिहिले. लैंगिक कल मात्र त्यात धरला नाही. जाहिरातदारांच्याच मुंबईस्थित संस्थेने, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने, २०२२ मध्ये आपल्या संहितेत लैंगिक ओळख आणि लैंगिक कल यांवरून टवाळी करायला मनाई केली. उशिरा का होईना, केली. म्हणजे पुरुषी चालीच्या बाईला किंवा बायकी पुरुषाला हसण्याचा विषय करणारी जाहिरात दिसली तर आता तक्रार करता येते. आपल्यातल्या शिकल्या-सवरल्या मुलांनी अशा तक्रारी करायला शिकावे.

कंपनीची माघार पाहिली की आम्हाला १९३४ साल आठवते. रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेलेला हा माणूस खिशात पैसा नसताना लोकांना शरीराविषयी खरे सांगत होता. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना, त्यात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांचे प्रश्न होते, त्यांनी उत्तरे छापली म्हणून अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर आंबेडकरांनी! येवल्याच्या घोषणेच्या आदल्या वर्षी, गोलमेज परिषदा आणि पुणे कराराच्या धबडग्यातून नुकतेच बाहेर पडलेले बाबासाहेब मुंबई उच्च न्यायालयात उभे राहून सांगत होते, की लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञान मिळालेच पाहिजे. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे वारले तोपर्यंत निघत राहिले. २०१७ मध्ये अजित दळवी यांच्या लेखणीतून आणि अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनातून हे नाटक रूपात लोकांपुढे आले, तेव्हा आपलेच कित्येक कार्यकर्ते चकित झाले होते. हा विषय आपला नाही असे म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचे ते वकीलपत्र आठवावे. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात कलम ३७७ ला पहिला धक्का दिला तोही बाबासाहेबांच्या संवैधानिक नैतिकतेचा दाखला देऊनच.

आणि पोशेऱ्याच्या त्या मुलीला आम्ही काय सांगितले? भाड्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, ते तसेच सांगितले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नाला मान्यता नाकारली, पुढे पुनर्विलोकनाच्या याचिकाही फेटाळल्या, हेही लपवले नाही. पण जे आहे ते तिच्या पदरात पडावे म्हणून मुद्दाम सांगितले आणि इथेही लिहितो, कारण हे कोणत्याही जाहिरातीत येणार नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली बाई कोणाबरोबर राहायचे ते स्वतः ठरवू शकते. ११ मार्च २०२४ रोजी देवू नायर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले, की अशी बाई न्यायालयापुढे आली तर न्यायाधीशाने तिला नातेवाइकांच्या दडपणाबाहेर, एकटीला भेटून तिची इच्छा विचारावी, समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलण्याचा प्रयत्न करू नये आणि संरक्षण मागितले तर ते लगेच द्यावे. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वेल्लोरच्या एका मुलीला तिच्या मैत्रिणीकडे जाऊ देताना, कुटुंब रक्ताचेच असते असे नाही, ते निवडताही येते, असे म्हटले. जोडीदारीण कोंडून ठेवली असेल तर बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका मैत्रीणही दाखल करू शकते. वकिलाला पैसे नसतील तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही बाईला, उत्पन्नाचा दाखला न दाखवता, फुकट वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा, साध्या कागदावरही चालतो. तिने हे सगळे ऐकून घेतले आणि कलमाचा आकडा शेजारच्या मुलीच्या वहीत लिहून घ्यायला लावला.